तिसऱ्या रांगेतून विचारलेला प्रश्न

पहिल्या वर्षाला असताना मी एका पाहुण्यांना प्रश्न विचारायला उठले आणि सगळं सभागृह हसलं. त्यानंतर दीड वर्ष मी कुठल्याही व्याख्यानात तोंड उघडलं नाही.

प्रश्न वाईट नव्हता. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारी बाहेरचं कोणी तरी बोलायला येई. त्या दिवशी माती आणि पाणी तपासणारे एक शास्त्रज्ञ आले होते. माझं आजोळ तेल्हाऱ्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून मी उठले आणि म्हणाले, "सर, मले असं विचारायचं होतं, की खाऱ्या पाण्याच्या विहिरी..." पुढचं कोणी ऐकलंच नाही. 'मले' या शब्दावर मागच्या बाजूला हसू फुटलं आणि ते रांगांमागून रांगा पुढे आलं. हसणाऱ्यांतले निम्मे घरी 'मले'च म्हणत असतील, पण ते त्या क्षणी सुचत नाही. पाहुणे थांबून राहिले. मी प्रश्न अर्धवट टाकून खाली बसले. कान इतके तापले होते की त्या व्याख्यानातलं पुढचं एक वाक्यही आठवत नाही.

तेव्हापासून माझी जागा ठरली. सर्वांत मागची रांग, भिंतीकडची खुर्ची. हजेरीच्या कागदावर सही करायची आणि पंख्याकडे बघत बसायचं. पाहुणे बोलून झाले की सूत्रसंचालक विचारी, "कुणाला काही प्रश्न?" तेवढ्यानंही मी खुर्चीत आणखी खाली सरकायची. मला कोणी विचारलेलं नसायचं, तरी सरकायची.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात रसायनशास्त्राच्या मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. पाहुण्यांची व्याख्यानं ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मला वाटलं, हजेरीचं काही तरी असेल.

"तू मागे का बसतेस?" त्यांनी विचारलं.

"तसं काही नाही, मॅडम."

"तसंच आहे. मी पुढे उभी असते, मला सगळं दिसतं." त्यांनी वही मिटली. "हे बघ, पाहुणा तासभर बोलून निघून जातो. ऐकणारा रिकाम्या हातानं आला असेल तर रिकाम्या हातानंच जातो. पुढच्या शनिवारी एक डॉक्टर येताहेत. ते काय काम करतात ते आधी वाचून ये. वाचताना जे अडेल, तोच तुझा प्रश्न. दुसऱ्या कोणाचा घेऊ नकोस. आणि तिसऱ्या रांगेच्या मागे बसायचं नाही."

मी मान डोलावली. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांसमोर नाही जमलं तर चहाच्या वेळी जा. पाहुणे तेव्हा एकटेच उभे असतात. मोठी माणसं म्हणून कोणी जवळ जात नाही. बिचारे बिस्कीट खात असतात."

फलकावर विषय लागला होता: कारखान्यातली हवा आणि कामगारांची फुफ्फुसं. मी तो दोनदा वाचला आणि मनात पहिल्यांदा काही तरी हललं. माझी आई अकोल्याला जिनिंगमध्ये कामाला होती.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की सुरू होतो आणि उन्हाळ्यात कापूस संपला की बंद. आई आणि आमच्या गल्लीतल्या आणखी काही बाया मुकादमामार्फत तिथे जात. यंत्रापुढे उभं राहून कापूस सारायचा, खाली पडलेला गोळा करायचा. आत हवेतही कापूसच असतो. आई संध्याकाळी घरी आली की तिचे केस, भुवया, पापण्यासुद्धा पांढऱ्या दिसायच्या. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. मी फुंकर मारून तिच्या भुवया काळ्या करायची. बाबा गवंडीकामासाठी आठ-आठ दिवस बाहेर असत, त्यामुळे घर चालायचं ते आईच्या जिनिंगवरच.

तिला खोकला होता. हिवाळा आला की यायचा, पावसाळ्यात जायचा. आम्ही सगळे म्हणायचो, थंडीचा आहे.

बुधवारी दुपारी मी ग्रंथालयाच्या संगणकावर बसून त्या डॉक्टरांचं काम शोधलं. ते आयुष्यभर सूतगिरण्या आणि जिनिंगमधल्या कामगारांच्या छात्या तपासत आले होते. त्यांचा मराठीतला एक छोटा लेख सापडला. त्यात लिहिलं होतं की कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराची एक खूण आहे. आठवड्याची सुट्टी घेऊन माणूस कामावर परत गेला की त्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. पुढच्या दिवसांत ती थोडी सैल होते. काम बंद असलं की बरं वाटतं. म्हणून लोक तो आजार आहे असं धरतच नाहीत. वर्षं जातात, मग छाती रोजच आवळलेली राहते, आणि एका टप्प्यानंतर ती मोकळी होत नाही.

मी पडद्यासमोरून उठले. पाण्याच्या कूलरपाशी गेले, पाणी प्यायले नाही, परत येऊन तेच वाचलं. मला सोमवार आठवत होते. अकरावी-बारावीत मी घरी असताना, सोमवारी संध्याकाळी आई आली की उंबरठ्यावरच बसायची. पाठ चौकटीला टेकवून, तोंड उघडं ठेवून. मी पाणी आणून दिलं की हातानंच थांब म्हणायची. इतर दिवशी ती थेट चुलीपाशी जायची. हे मी किती तरी वेळा बघितलं होतं. मला कधी विचार करावासा वाटला नव्हता.

त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवरून मी तिला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "आई, तुला दम कोणत्या दिवशी जास्त लागतो?"

"काहून वं?" ती म्हणाली.

"सहज. सांग ना."

"सोमवारी लागतेच. इतवारी आराम केला की आंग सुस्तावते, मंग दुसऱ्या दिवशी जड जाते. समद्याच बायाईले होते तसं." मग तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले. "तू अभ्यास कर," ती म्हणाली, "माह्या दमाचं काय घेऊन बसली."

समद्याच बायाईले. म्हणजे सगळ्याच बायांना. ते ऐकून मला धीर यायला हवा होता. तो आला नाही.

शनिवारपर्यंतचे दोन दिवस मी नीट जेवले नाही. एक भीती जुनी होती, उठून बोलायची. तिची मला सवय होती. दुसरी नवी होती. मी विचारलं आणि डॉक्टर 'हो' म्हणाले तर? न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसतं. मागच्या रांगेत बसले तर आईचा खोकला अजून थंडीचाच राहील, असं काही तरी मी मनाशी धरून बसले होते. वेडेपणा होता, पण मी खरंच तसं धरलं होतं. शनिवारी सकाळी पोट दुखत असल्याचं मैत्रिणीला सांगून खोलीतच थांबायचं, हेही ठरवलं होतं. चप्पल घालून का निघाले ते आजही सांगता येत नाही. मॅडम पुढे उभ्या असतात आणि त्यांना सगळं दिसतं, हे एक कारण असेल.

मी तिसऱ्या रांगेत बसले. डॉक्टर सत्तरीचे होते, बारीक, साधा पांढरा शर्ट. फार सावकाश बोलत. भाषणात विशेष काही रंगत नव्हती आणि अर्ध्या तासात मागे कुजबुज सुरू झाली. मी मात्र एक शब्द सोडत नव्हते. जे आधी वाचलं होतं ते डॉक्टर बोलले की जागा ओळखीची वाटायची, आणि जे नवीन होतं ते लगेच वेगळं दिसायचं. वहीत मी पानं भरली नाहीत. चारच गोष्टी लिहिल्या आणि एकीभोवती गोल केला. ते म्हणाले होते, "सुरुवातीच्या काळात धूळ थांबवली तर पुष्कळसं नुकसान भरून येतं." गोल 'सुरुवातीच्या' या शब्दाभोवती होता. आईचा तो कापसाचा अकरावा की बारावा हंगाम होता.

"कुणाला काही प्रश्न?"

कोणी हललं नाही. खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले, लोक उठायच्या तयारीत होते. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर मी उठले नसते. माझा हात वर गेला. कोणी तरी माइक आणून माझ्या हातात दिला.

घोकून आणलेलं वाक्य मी शुद्ध मराठीत म्हटलं. "सर, जिनिंगमधील कामगारांना सोमवारी होणारा त्रास किती वर्षांनंतर कायमचा होतो?"

डॉक्टरांनी हात कानामागे नेला. "जरा मोठ्यानं, बाळ. मला डावीकडून कमी ऐकू येतं."

मी पुन्हा म्हटलं. आवाज आणखी बारीक झाला. ते मंचाच्या कडेपर्यंत आले आणि वाकून म्हणाले, "तुझा प्रश्न काय आहे? सावकाश सांग."

तेवढ्यात घोकलेलं वाक्य डोक्यातून पार गेलं. मागे कोणी तरी खाकरलं. मी तोंड उघडलं आणि जे होतं ते बाहेर आलं.

"माही आई अकोल्याले जिनिंगमधे हाये. अकरा-बारा वर्सं झाली. सोमवारी तिचा जीव कोंडते. बाकी दिवशी जरासं बरं राह्यते. पावसाळ्यात काहीच नसते. मले विचारायचं होतं, की आता उशीर झाला काय."

मी हसण्याची वाट बघत होते. मान आपोआप खाली गेली होती. हसू आलं नाही. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता, आणि ती शांतता मला हसण्याहून जास्त भीतीदायक वाटली, कारण माझ्यासारखंच सगळ्यांनाही आता उत्तर ऐकायचं होतं.

वाकलेले डॉक्टर सरळ झाले. मग म्हणाले, "तू सांगतेस ते मी पुष्कळ घरांत ऐकलंय. इथे उभं राहून मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. दोन्ही चूक होईल. तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. कार्यक्रम झाला की मला भेट. निघून जाऊ नकोस."

चहाच्या वेळी ते खरोखरच एकटे उभे होते, कपबशी हातात घेऊन. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी कप ठेवला आणि एकामागून एक प्रश्न विचारले. कफ पडतो का, जिना चढताना थांबते का, घरात कोणी विडी ओढतं का, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर. मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. माझ्याच आईबद्दलचे प्रश्न होते ते. मग त्यांनी खिशातून कागद काढून अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंच्या नावे चार ओळी लिहून दिल्या.

"एका नळीत फुंकायचं असतं," ते म्हणाले. "सोमवारी कामावर जायच्या आधी एकदा, आणि कामावरून आल्यावर लगेच एकदा. दोन्हींतला फरक बघायचा. एकदाच तपासलं तर कळणार नाही. आणि आईला घाबरवून नेऊ नकोस."

ते मला जमलं नाही. पुढच्या शनिवारी मी एसटीनं अकोल्याला गेले. मूर्तिजापूर मागे पडलं तरी कसं सांगायचं ते सुचलं नव्हतं. जेवताना सगळं एकदम सांगून टाकलं. आईनं घास ताटात परत ठेवला.

"तू पाचशे लोकाईत माहं नाव घेतलं?"

"नाव नाही घेतलं."

"जिनिंगचं तर सांगतलं ना. मुकादमाले समजलं तर तो काय म्हनन? उद्यापासून येऊ नको म्हनन. मंग तुह्या कॉलेजचं कोन पाह्यन?" तिचा आवाज चढला आणि चढता चढताच खोकला लागला. खोकला थांबल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले भेव लागते वं. तपासलं नाई तवर मी चांगली हाये."

ग्रंथालयातून उठून कूलरपाशी उभी राहिले होते तेव्हा मीही हेच म्हणत होते, फक्त शब्द वेगळे होते. मी एवढंच म्हणाले, "मलाही लागते."

बाबा घरी होते. ते फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "भिंतीले भेग गेली, तं चुना लावून झाकता येते. पर भेग वाढतच राह्यते. सोमवारी मी बी येतो."

सोमवारी सकाळी आम्ही तिघं दवाखाना उघडायच्या आधीच जाऊन बसलो. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी वाचून आईला आधी घेतलं. नाकाला चिमटा लावल्यावर आईनं माझा हात धरला. "जोरात, जोरात, अजून, अजून," बाई म्हणत होत्या आणि आई डोळे मिटून फुंकत होती. तीनदा फुंकलं. मग ती तशीच कामावर गेली. मी जिनिंगच्या फाटकाबाहेर रसवंतीच्या बाकावर दिवसभर बसून राहिले. आतून यंत्रांचा एकसारखा आवाज येत होता आणि फाटकाच्या वर, उन्हात, बारीक तंतू तरंगताना दिसत होते. पूर्वी ते मला कधी दिसले नव्हते. माझ्या डोक्यात राहून राहून एकच येत होतं, की आत्ता, या क्षणी ते तिच्या आत जाताहेत आणि मी तिला स्वतः पाठवलंय.

संध्याकाळी ती बाहेर आली, पांढऱ्या भुवयांची. ऑटोत एक शब्द बोलली नाही, बोलू शकत नव्हती. दवाखान्यात डॉक्टरबाई आमच्यासाठी थांबल्या होत्या. या वेळी फुंकताना तिला दुसऱ्या खेपेलाच थांबावं लागलं. मशीनमधून निघालेले दोन कागद डॉक्टरबाईंनी शेजारी शेजारी ठेवले. सकाळची रेघ उंच होती आणि संध्याकाळची खाली बसली होती. काही समजावून सांगायची गरज नव्हती. आईलाही दिसलं.

"गेलं तेवढं सगळं परत येईलच असं नाही," बाई म्हणाल्या. "पण अजून तुम्ही उतरत्या पायरीवर आहात, तळाशी नाही. या धुळीत परत जाऊ नका."

आई त्या आठवड्यानंतर जिनिंगला गेली नाही. मुकादमाला तिनं गुडघे दुखतात असं सांगितलं. शेजारच्या माळी बाईसोबत ती फुलांचे हार करायला लागली. पहिले काही महिने घर ओढाताणीचं गेलं आणि मी कॉलेज सोडावं की काय, असंही एकदा झालं. मॅडमनी फीची मुदत वाढवून घेतली. त्या मला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात वेगळे पाहुणे आहेत. वाचून ये."

आईनं जिनिंगमधल्या बायांना काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. ते महिनाभरही टिकलं नाही. तिला यंत्रापुढे उभं राहायला शिकवणारी एक म्हातारी बाई होती, आमच्याच गल्लीतली, सगळे तिला मावशी म्हणायचे. आईच तिला हात धरून दवाखान्यात घेऊन गेली. मावशीची सकाळची रेघ आणि संध्याकाळची रेघ सारखीच होती. दोन्ही तळाशी. जिनिंग बंद असो की चालू, तिला आता फरक पडत नव्हता. ती हसून म्हणाली, "माहा सोमवार तं रोजच हाये." आई घरी येऊन बराच वेळ नळाखाली हात धुवत उभी राहिली.

बाकीच्या बायांपैकी चौघी तपासून आल्या. त्यांतल्या दोघी अजून जिनिंगला जातात, तोंडाला दुहेरी फडकं बांधून.

मी आता एम.एस्सी. करते आहे. आईची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. रेघ थोडी वर आली आहे, पहिल्यासारखी नाही. व्याख्यानांना मी तिसऱ्या रांगेत बसते, आधी वाचून जाते, आणि हात वर करायला अजूनही भीती वाटते. सोमवारी संध्याकाळी मी आईला फोन करते. तिनं उचलला की मी लगेच बोलत नाही. ती "हालो, हालो" म्हणत राहते, मग वैतागते. तोपर्यंत मी तिचा श्वास ऐकून घेते.